‘तयार मॉडेलं तपासण्यात कसलं आलंय करिअर?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक इंदूरलाच एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. अणुदुर्घटना झाली तर किरणोत्सर्गी द्रव्यं हवेतून कुठवर पसरतील, हे सांगणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलांची पारख करण्याचा प्रोजेक्ट तिला मिळतोय. तुम्ही विचारलंय, की मुलीच्या जिवाला धोका तर नाही ना, आणि दुसऱ्यांनी केलेली मॉडेलं तपासण्यात करिअर ते कसलं?

धोका नाही. काम कॉम्प्युटरवरचं आहे, आणि मॉडेल पडताळायला लागणारी मोजमापंसुद्धा अनेकदा हवेत मुद्दाम निरुपद्रवी वायू सोडून घेतलेली असतात. ऑक्टोबर १९९४ मध्ये फ्रान्सच्या पश्चिम भागातून असा ३४० किलो वायू बारा तासांत सोडला आणि १७ देशांतल्या १६८ केंद्रांवर त्याचा माग घेतला. त्या आकडेवारीवर आजही मॉडेलं घासून पाहिली जातात.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘तपासणं’ म्हणजे कारकुनी असं तुम्ही धरून चालला आहात.

आपण मध्य प्रदेशातली माणसं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये गार, संथ हवेत विषारी वायू वर न चढता जमिनीलगत वस्त्यांमधून सरकत गेला, आणि कुठल्या बाजूला पळायचं हे लोकांना सांगणारं कुणी नव्हतं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली तेव्हा जपानकडे असं सांगू शकणारी ‘स्पीडी’ नावाची प्रणाली होती. पण फुकुशिमाच्या अणुभट्टीतून किती द्रव्य बाहेर पडतंय याची माहितीच मिळेना, आणि केवळ दिशा दाखवणारे जे निकाल निघाले तेही वेळेवर लोकांपर्यंत पोचले नाहीत. सरकारनं २० किलोमीटरचं वर्तुळ आखून माणसं हलवली. वारा काही वर्तुळात वाहत नाही. वायव्येला, बराचसा भाग ३० किलोमीटरच्याही पलीकडे असलेल्या इताते गावावर किरणोत्सर्गाचा थर बसला, आणि नामिए गावची काही माणसं तर त्याच दिशेला आसऱ्याला गेली होती.

म्हणून मॉडेल ‘चांगलं’ म्हणजे काय, हा प्रश्न फार खोल आहे. सर्वसाधारण कसोटी अशी, की निदान निम्मे अंदाज प्रत्यक्ष मोजमापाच्या अर्ध्या ते दुप्पट या पट्ट्यात यावेत. ऐकायला ही सूट मोठी वाटते, पण हवेच्या बाबतीत तेवढंही सहज साधत नाही. शिवाय समजा, मॉडेलनं ढगाचा आकार अचूक दिला पण दिशा जराशी चुकली, तर ठिकाणवार तुलनेत त्याला जवळपास शून्य गुण मिळतील. दुसरं मॉडेल सगळीकडे थोडंथोडं पसरवून जास्त गुण घेईल. गाव रिकामं करायचा निर्णय घेताना यातलं कुणाचं ऐकायचं? आणि सावधगिरी म्हणून अंदाज फुगवून सांगणं हेही निर्धोक नाही. फुकुशिमात रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले कितीतरी लोक हलवाहलवीच्या हालांतच दगावले. ही पारख जो नीट करतो त्याच्या शब्दावर माणसं घर सोडतात किंवा घरात थांबतात. याला मी अव्वल दर्जाचं विज्ञान मानतो.

आता नोकरीचं. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा भर लेसर आणि प्रवेगकांवर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर) आहे, त्यामुळे या कामासाठी तिला बहुधा घर सोडावं लागेल. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरल्या कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अणु-आणीबाणीसाठी अशी प्रणाली विकसित झाली आहे. तिथे समुद्रावरचा वारा दिवसारात्री दिशा बदलतो, कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राभोवती घाटाचे डोंगर आहेत, म्हणजे सपाट मैदानासाठी बसवलेलं साधं सूत्र दोन्हीकडे अपुरं पडतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची वाट एम.एस्सी. फिजिक्सला खुली आहे. हवेचं शास्त्र पक्कं करायचं असेल तर पुण्याच्या आयआयटीएमसारख्या (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राच्या) संस्थेत पीएच.डी. उत्तम.

जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. म्हणून तिनं स्वतःवर ‘अणु’चा शिक्का मारून घेऊ नये. हेच गणित कारखान्यांच्या धुराला, रसायनांच्या गळतीला, शहरांच्या प्रदूषणाला लागू पडतं, आणि पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या कंपन्यांनाही ही माणसं लागतात. त्यासाठी संख्याशास्त्र, आणि प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी पायथन व थोडं फोर्ट्रान आतापासून हाती घ्यावं. सगळ्यात जास्त वेळ संख्याशास्त्राला. फिजिक्सची मुलं नेमकं तेच टाळतात.

होकार देण्याआधी तिनं गाइडना विचारावं, की तुलनेसाठी खरी मोजमापं हाताशी आहेत का, की एका मॉडेलचा निकाल दुसऱ्या मॉडेलशीच ताडून पाहायचा आहे? मोजमापं असतील तर डोळे मिटून घ्यावा हा प्रोजेक्ट. नसतील, तर ती १९९४ ची आकडेवारी घेऊन काम करू द्याल का, एवढं विचारून पाहावं. गाइड त्याला तयार झाले तर तुम्ही अडवू नका, ताई.