‘चार महिन्यांची झाली, तरी वजन का भरत नाही?’

अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी गेल्यावर आया जो प्रश्न हमखास विचारतात, तो असा की, बाळ दूध पिते पण ते अंगी लागत नाही, तेव्हा पावडरचे दूध सुरू करावे का? अलीकडे पाठपुराव्याला आलेल्या एका आईचा प्रश्नही हाच होता. तिची मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली होती आणि जन्माच्या वेळी तिचे वजन १३८० ग्रॅम होते. आता ती चार महिन्यांची होती आणि काट्यावर वजन ४ किलो ३०० ग्रॅम भरले. सोबत सासूबाई होत्या. आईने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावरील वजनाच्या आलेखात पेन्सिलीचा ताजा ठिपका नारिंगी पट्ट्यात, म्हणजे तीव्र कमी वजनाच्या भागात पडलेला होता. ‘‘मॅडम, माझंच दूध पातळ आहे असं घरात सगळे म्हणतात,’’ एवढे बोलून तिचे डोळे भरून आले.

तो ठिपका जन्मतारखेवरून काढलेल्या वयावर मांडलेला होता. बाळ नऊ आठवडे आधी आले, तर ते नऊ आठवडे वयातून वजा करूनच त्याची वाढ पाहायची असते. यालाच दुरुस्त वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरले जाते. त्या हिशेबाने ही मुलगी दोन महिन्यांची होती. मी तोच आकडा दोन महिन्यांच्या रेषेवर मांडला, तेव्हा ठिपका हिरव्या पट्ट्यात आला. नुसत्या वजनावर न थांबता आम्ही लांबी आणि डोक्याचा घेरही मोजला. दोन्ही दुरुस्त वयाला धरून होते. डोक्याचा घेर मेंदूच्या वाढीची कल्पना देतो, म्हणून माझ्या मते अशा बाळांच्या बाबतीत टेपला काट्याइतकेच महत्त्व द्यायला हवे.

सासूबाईंचा मुद्दाही ऐकून घेण्याजोगा होता. ‘‘दवाखान्यात तर पहिल्याच आठवड्यात वजन उतरलं होतं, तेव्हापासूनच ती मागे पडली,’’ असे त्यांचे म्हणणे होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ वेगाने वाढते आणि कॅल्शियम, फॉस्फरस, लोह यांचा बहुतेक साठा त्याच काळात करून घेते. लवकर जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी मिळालेली नसते आणि दूध ओढणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत नीट बसत नाही, म्हणून सुरुवातीला नळीने आणि शिरेतून पोषण द्यावे लागते. पहिल्या दिवसांत वजन काहीसे उतरणे अपेक्षित असते आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येते. हिचे बाराव्या दिवशी आले होते. त्यानंतर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ व्हावी, असे डॉक्टर पाहतात.

आईला दूध उतरेपर्यंत या बाळाला दूधपेढीतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध मिळाले होते. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, त्यामागचे कारणही हेच होते की, आईच्या दुधाने अशा बाळांमधील आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो. पुढे आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा दूध काढले. त्या दुधात प्रथिने आणि खनिजांची पूड मिसळून ते नळीने आणि नंतर वाटी-चमच्याने पाजले गेले. अतिशय लहान बाळाची गरज नुसत्या दुधाने भागत नाही म्हणून ही पूड दिली होती. दुधात खोट होती, असा तिचा अर्थ नव्हता. हे सांगितल्यावर आईचा चेहरा बदलला. कित्येक आठवडे ती त्या पुड्यांचा भलताच अर्थ मनात धरून बसली होती.

माझी खरी चिंता वेगळ्याच ठिकाणी निघाली. औषधांविषयी विचारले असता कळले की, शी काळी होते म्हणून लोहाचे थेंब महिनाभरापासून बंद होते आणि त्याच डब्यातले ड जीवनसत्त्वाचे थेंबही मागे पडले होते. लोहाने शी काळपट होणे स्वाभाविक आहे. साठा कमी असलेल्या बाळाला दोन आठवड्यांच्या वयापासून लोह लागते आणि त्याची मात्रा वजनाप्रमाणे बदलावी लागते. डॉक्टरांनी त्याच दिवशी मात्रा नव्याने ठरवून दिली.

पावडरचा आग्रह सासूबाईंनी सोडला, पण पाणी घातलेले गाईचे दूध आणि घुटीत मध यांविषयी त्यांनी विचारलेच. मी स्पष्ट सांगितले, ‘‘आजी, मध वर्षभर बोटालासुद्धा नको आणि वर्षाच्या आत गाईचे दूध पाजायचे नाही.’’ वजन घाईघाईने वाढवण्यासाठी जास्त भरवले, तर नुसती चरबी चढते आणि तिचे परिणाम मोठेपणी भोगावे लागू शकतात. उलट बाळ दूध ओढेनासे झाले, लघवी कमी झाली, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तडक यायचे, असेही मी बजावले.

उठताना आजींनी उष्टावणाचा विषय काढला, कारण मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करायचे आणि पाचवा आता लागतच होता. मी म्हटले, वरचे अन्न दुरुस्त वयाचे सहा महिने भरल्यावर. मग आम्ही दोघींनी मिळून बोटांवर मोजले, तेव्हा जन्मापासून नववा महिना आला. ‘‘तोही विषमच की,’’ आजी म्हणाल्या आणि कार्डाच्या मागच्या बाजूला तो महिना त्यांनी सुनेकडून लिहून घेतला.