पद्मिनीचं स्टिअरिंग डुलतंय

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करतोय. स्टिअरिंग चार बोटं मोकळं फिरतं, त्याच दांडीवरचा गिअरही सापडत नाही. परभणीतला मिस्त्री म्हणतो, अख्खा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगची ती दांडीच, बदला. कुठं मिळेल?
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, थांबा! आधी बॉनेट उघडा. एकानं स्टिअरिंग हळू हलवावं, दुसऱ्यानं ड्रॉप आर्म, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात, बघावा. आर्म हललाच नाही, तर दोष बहुतेक स्टिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे दांडीच्या टोकाच्या दात्यांच्या पेटीत. आर्म हलून चाक हललं नाही, तर टायरॉड एंड (चाकाकडं जाणाऱ्या सळ्यांचे सांधे) नाहीतर आयडलर (दुसऱ्या बाजूचा आधाराचा हात) गेलेत. बॉक्सचा स्क्रू मात्र उगाच आवळू नका. वळणावर स्टिअरिंग जाम होतं. माझ्या हातून एकदा झालंय, जालना रोडवर, काळजाचं पाणी झालं होतं.

गिअर सापडत नाही तो बहुधा झिजलेल्या बुशांमुळं, म्हणजे गिअरची दांडी ज्यात फिरते त्या कड्यांमुळं. त्यासाठी कॉलम कशाला? जुना बुश आणि गिअरची दांडी व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) मोजा, संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या लेथवाल्याकडून गनमेटलचा (एक प्रकारच्या काशाचा) बुश काढून घ्या.

कॉलमच्या आतला शाफ्टच वाकला किंवा त्याचे दाते गेले असतील तर मुंबई गाठा. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्याच्या भंगारात त्यांचे भाग शोधा. जुना नग सोबत न्या, फोटोवर घेऊ नका. पुढं खाली फ्लोअरवर गिअर असलेली पद्मिनीही आली होती, तिचा कॉलम तुमच्या कामाचा नाही.

आणि वेल्डिंग मारलेला शाफ्ट फुकट दिला तरी नको.