डिपॉझिटचा दावा आणि दोन तारखा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

लीसेस्टरमधल्या भाड्याच्या घराचे डिपॉझिट घरमालक परत देत नाही, त्याच्यावर दावा कसा करावा, हे विचारणारे तुझे पत्र मिळाले. त्याचा बराचसा भाग भिंतीवरचे डाग, गादीची अवस्था आणि घरमालकाचे उर्मट बोलणे यांवर खर्च झाला आहे. त्या तक्रारी खऱ्या असतील, पण तुझा दावा त्यांवर उभा राहत नाही. तो उभा राहतो तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर, की डिपॉझिटची नोंद ते सुरक्षित ठेवणाऱ्या कोणत्याही योजनेत सापडत नाही.

इंग्लंडमध्ये २००४ च्या हाउसिंग ॲक्टचे कलम २१३ एप्रिल २००७ पासून लागू आहे. डिपॉझिट हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत घरमालकाने ते डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम या तीनपैकी एका मान्यताप्राप्त योजनेत नोंदवले पाहिजे, आणि त्याच मुदतीत ठरावीक माहिती भाडेकरूला लेखी दिली पाहिजे. यांतले एक जरी राहिले तरी कायद्याचा भंग होतो. तू घरमालकासोबत त्याच्याच घरात राहत नव्हतीस आणि विद्यापीठाच्या वसतिगृहातही नव्हतीस, म्हणून हे संरक्षण तुला आहे. एडिनबरोच्या तुझ्या मैत्रिणीने मात्र हे पत्र वाचून काही ठरवू नये. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, तिथे अर्ज न्यायाधिकरणाकडे आणि भाडेकरार संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

तेव्हा तुला दोनच तारखा सिद्ध करायच्या आहेत: पैसे पोहोचल्याची तारीख आणि नोंद झाल्याची, किंवा न झाल्याची, तारीख. पहिली सोपी आहे. बाबांनी साताऱ्याच्या बँकेतून घरमालकाच्या एजंटच्या खात्यात पैसे पाठवले, त्याचा उतारा त्यांच्याकडून मागव. भाडेकरूच्या वतीने ज्याने डिपॉझिट भरले त्यालाही कायदा पक्षकार मानतो, त्यामुळे ती लेखी माहिती बाबांनाही मिळायला हवी होती. हा मुद्दा बहुतेक घरमालकांच्या गावीही नसतो.

दुसऱ्या तारखेबाबत सावध राहा. योजनांच्या संकेतस्थळांवर आडनाव, पिनकोडसारखा पोस्टकोड, रक्कम असा तपशील भरून शोधावे लागते, आणि आपल्या नावांचा तिथे हमखास घोळ होतो; एजंटने वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात भरले असेल तर नोंद असूनही दिसणार नाही. म्हणून तिन्ही योजनांना ईमेल कर, नावाच्या सगळ्या शक्यता लिही आणि त्यांची लेखी उत्तरे जपून ठेव. नोंद उशिरा झाल्याचे निघाले तरी भंग हा भंगच. फक्त रकमेवर त्याचा परिणाम होईल.

रकमेचे गणित असे. भंग सिद्ध झाला की कलम २१४ नुसार न्यायालयाला डिपॉझिटच्या किमान एक पट आणि कमाल तीन पट रक्कम द्यायला लावावीच लागते. एक पटीखाली जाण्याची मुभा न्यायाधीशालाही नाही. तुझे डिपॉझिट १,००० पौंडांचे, म्हणजे ही रक्कम १,००० ते ३,००० पौंड, आणि अडकलेले डिपॉझिट त्याशिवाय. तीन पट गृहीत धरू नकोस. घरमालकाचा दोष किती गंभीर हे न्यायालय पाहते: एकच घर प्रथमच भाड्याने देणारा आणि डझनभर घरे चालवणारा यांना एकाच मापाने मोजत नाहीत. भाडे महिना ९०० पौंड असताना पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी डिपॉझिटची कायदेशीर मर्यादा १,०३८ पौंडांच्या आसपास येते, त्यामुळे डिपॉझिट जास्त घेतले असा आरोप करू नकोस.

"ते काम एजंटचे होते" हे उत्तर येणारच. त्याने घरमालकाची जबाबदारी संपत नाही. उलट एजंटलाही दाव्यात ओढता येते. घरमालकाचे नाव-पत्ता एजंटकडे लेखी माग, त्याला २१ दिवसांत द्यावाच लागतो. करारावर तुझ्या रूममेटचीही सही आहे, म्हणून दावा दोघींनी मिळून करायचा. तिला आत्ताच विश्वासात घे.

आधी नोटीस दे. त्यात या दोन तारखा, कलमे २१३ व २१४, मागणीची रक्कम आणि उत्तरासाठी १४ दिवसांची मुदत एवढेच असावे. डाग आणि गादी त्यात आणलेस, तर घरमालक आनंदाने तेवढ्यावरच वाद घालील. पुष्कळदा नोटिशीनंतर "संपूर्ण डिपॉझिट घ्या आणि विषय संपवा" असा निरोप येतो. पैसे जरूर घे, पण ही अंतिम तडजोड आहे असे लिहून देऊ नकोस; डिपॉझिट परत आल्याने भरपाईचा हक्क जात नाही.

उत्तर आलेच नाही तर काउंटी कोर्टात एन २०८ हा अर्ज भरावा लागतो. साध्या थकबाकीसाठीची ऑनलाइन दाव्याची सोय इथे चालत नाही. या पद्धतीच्या दाव्यात एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही: असे दावे आपोआप छोट्या दाव्यांच्या वर्गात जात नाहीत, त्यामुळे हरल्यास समोरच्याच्या वकिलाचा खर्च अंगावर येऊ शकतो. छोट्या दाव्यांच्या वर्गात घ्यावे अशी विनंती अर्जातच कर, आणि अर्ज भरण्यापूर्वी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मदतसंस्थांकडे कागद दाखव; सल्ला विनामूल्य मिळतो. उत्पन्न कमी असेल तर कोर्ट फी माफीसाठीही अर्ज करता येतो. व्हिसाची धास्ती मनातून काढून टाक. दिवाणी दावा लावणे हा व्हिसाच्या अटींचा भंग नव्हे.

दाव्याची मुदत भंगापासून सहा वर्षे आहे, पण भारतात परतल्यावर लीसेस्टरच्या कोर्टातला दावा चालवणे जिकिरीचे होईल. म्हणून योजनांची उत्तरे येताच नोटीस ईमेलने आणि टपालाने, दोन्ही मार्गांनी पाठव, आणि पोस्टातून पाठवल्याचा दाखला मागून घे.

कळावे.