गावठाणातला नाताळ मेळा भरवताना

वांद्र्याच्या गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, म्हणून स्टॉल एकाच बाजूला लाव. अग्निशमनाची गाडी शिरेल एवढी वाट मोकळी हवीच. वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिसांकडे महिनाभर आधी अर्ज दे.

खरी काळजी पैशांची. स्टॉलवर रोख नकोच. एकाच टेबलावर दहा-वीसची कुपनं विक, क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा ठेव. स्वयंसेवकाच्या खात्यात रक्कम गेली की हिशेब अडकतो. सुट्या पैशांसाठी ठेवलेले दोन हजार आधीच लिहून ठेव, नाहीतर ते देणगीत मिसळतात. मोजणी दोघांनी, तिथल्या तिथे, सह्यांसकट.

कलकल, दोदोल हे नाताळचे गोड पदार्थ टिकतात. ओल्या नारळाच्या नेवऱ्या मात्र त्याच दिवशीच्या घे, उन्हात आंबतात. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद.