वडिलांना सिगारेट सोडायची आहे, पण दोन दिवसांत परत सुरू होते. त्यांना कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, सिगारेट सोडायची त्यांची स्वतःची इच्छा आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात चिडचिड सुरू होते आणि ते टपरी गाठतात. मी स्वतः सिगारेट सोडली आहे आणि नंतर चाकणला आमच्या शिफ्टमधल्या काही जणांना सोडताना सोबत केली आहे. तो दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांनाच जड जातो. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, त्यामुळे तोवर ते जवळजवळ संपलेलं असतं आणि तलफ सगळ्यात जोरात येते. बाबांचा निश्चय कच्चा आहे असं मुळीच नाही. "बाबा, परवा तुम्ही चिडाल, आम्ही मनावर घेणार नाही," हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

चहा मात्र कमी करा. हे फार कमी लोकांना माहीत असतं: ओढणाऱ्यांच्या शरीरात धुरामुळे कॅफीन भराभर संपतं. ओढणं थांबलं की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. मग झोप लागत नाही, हात थरथरतात, धडधडतं. आमच्यातल्या एकाने तेवढ्यावरूनच "मला सोडणं मानवत नाही" असं ठरवून टाकलं होतं. चहा निम्म्यावर आणला आणि तो शांत झाला. बाबा जेवणानंतर ओढत असतील तर त्या वेळी त्यांच्यासोबत फेरी मारा. टपरीच्या रस्त्याने नको. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावला की झालं.

औषधाच्या दुकानात निकोटिनचं गम मिळतं. बरेच जण ते च्युइंगगमसारखं चघळतात, मग उचक्या लागतात, मळमळतं आणि ते फेकून देतात. हळूहळू चावायचं, जिभेला झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गमने भागत नसेल तर डॉक्टर गोळ्याही देतात.

कॅन्सरचे फोटो त्यांना दाखवू नका, अगदी कळकळीने सांगतो. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्यानेच भरलेला असतो, ते रोज बघतातच. त्याच पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा नंबर आहे, तो लावून द्या. आणि "आता या वयात काय फरक पडणार" असं ते म्हणाले तर हे सांगा: ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासात, साठीला सोडणाऱ्यांनाही ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी तीनेक वर्षं जास्त मिळाली. हृदयविकाराचा वाढलेला धोका तर वर्षभरातच साधारण निम्म्यावर येतो.

मध्येच एखादी ओढली गेली तर त्या दिवशी भांडू नका, उरलेलं पाकीट तेवढं घरातून बाहेर काढा. सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो, त्याने घाबरू नका. पण खोकल्यातून रक्त पडलं, वजन उतरत गेलं किंवा धाप लागू लागली तर वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांना दाखवा.