समलिंगी आकर्षण असेल तर कॅथलिक फादर किंवा ब्रदर होता येतं का?

तुम्ही विचारलंय की पुरुषांविषयी आकर्षण वाटतं, पण ब्रह्मचर्य पाळायची मनापासून तयारी आहे, तर सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेत) किंवा धर्मसंघात (व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संस्थेत) घेतील का. फादर व्हायचंय की ब्रदर (व्रतं घेतलेला, पण फादर नसलेला संघाचा सदस्य), हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

फादर होण्यासाठीचा नियम लेखी आहे. व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने नोव्हेंबर २००५ मध्ये सूचना काढली. समलिंगी संबंध ठेवणारे, 'खोलवर रुजलेला' समलिंगी कल असलेले आणि 'गे कल्चर'चं समर्थन करणारे, अशा तिघांना सेमिनरीत घेऊ नये आणि दीक्षाही (धर्मगुरुपदाचा संस्कार) देऊ नये, असं ती सांगते. २०१६ च्या प्रशिक्षण नियमावलीत हेच पुन्हा आलं. म्हणजे नुसती ब्रह्मचर्याची तयारी कागदोपत्री पुरत नाही. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. पौगंडावस्थेतून नीट बाहेर न पडल्यामुळे आलेली तात्पुरती अवस्था असेल, तर ती डीकनपदाच्या (फादर होण्याआधीच्या पायरीच्या) दीक्षेआधी किमान तीन वर्षं पूर्ण मागे पडलेली असावी लागते.

आता खरी मेख. 'खोलवर रुजलेला' म्हणजे किती, याची व्याख्या त्या सूचनेत नाही. त्यामुळे एक बिशप कायमचा कल दिसला की नकार देतो, तर दुसरा तो माणूस भावनिकदृष्ट्या किती परिपक्व आहे आणि या आकर्षणाभोवतीच त्याचं आयुष्य फिरतंय का, हे पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये इटलीच्या बिशपांनी व्हॅटिकनच्या संमतीने, प्रायोगिक म्हणून तीन वर्षांसाठी, आपली नियमावली आणली. निवड करताना फक्त या एका मुद्द्यावर न थांबता त्याचा अर्थ संपूर्ण व्यक्तिमत्त्वाच्या संदर्भात लावावा, असं तीत म्हटलंय. पण ती इटलीपुरती आहे आणि २००५ ची बंदी तिने उठवलेली नाही. वसई, गोवा किंवा पुण्यातून अर्ज करणाऱ्याने तिचा हवाला देऊन उपयोग नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या, ३७७ कलमाच्या २०१८ च्या निकालाचाही इथे संबंध नाही.

ब्रदर किंवा सिस्टर होणाऱ्यांना २००५ ची सूचना थेट लागू नाही. ती दीक्षा घेणाऱ्यांसाठी आहे. धर्मसंघात शिरताना कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ६४२ लागतो, आणि तो आरोग्य, स्वभाव व परिपक्वता पाहायला सांगतो. कॅनन ६४३ मध्ये प्रवेशच रद्दबातल ठरवणाऱ्या गोष्टी आहेत (वय १७ पूर्ण नसणं, लग्न टिकून असणं वगैरे). त्यांत लैंगिक कल नाही. तरीही शेवटचा शब्द सुपिरिअरचा (संघप्रमुखाचा), आणि काही संघ २००५ चाच निकष ब्रदर होणाऱ्यांनाही लावतात. म्हणून व्होकेशन डायरेक्टरला (नवे उमेदवार पाहणाऱ्याला) आधीच स्पष्ट विचारा: 'तुमचा संघ २००५ ची सूचना ब्रदर उमेदवारांना लावतो का?' हे विचारताना स्वतःबद्दल काही सांगायची गरज नाही.

कोणाला काय सांगायचं, यात खूप जण फसतात. पापनिवेदनातलं कुठेच जात नाही. आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत उमेदवाराला दीक्षा द्यावी की काढून टाकावं, यासाठी विचारताच येत नाही (कॅनन २४०). रेक्टरचं (सेमिनरीच्या प्रमुखाचं) तसं नाही. तो निर्णय घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे त्याला खासगीत सांगितलेलं मूल्यमापनात येऊ शकतं. म्हणून आधी मार्गदर्शकाशी बोला. मात्र तोही तुम्हाला दीक्षेपासून परावृत्त करू शकतो. सूचनेने ते त्याचं कर्तव्यच ठरवलंय.

मानसशास्त्रीय चाचणी तुमच्या स्पष्ट, माहितीपूर्ण संमतीशिवाय घेता येत नाही. सही करण्याआधी अहवाल कोण वाचणार आणि तो किती काळ ठेवणार, हे विचारून घ्या. संमती नाकारली तर जबरदस्ती होणार नाही, पण शंका उरल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. उत्तरं 'सेट' करून जाऊ नका. दीक्षा मिळावी म्हणून कल लपवणं ही गंभीर अप्रामाणिकता आहे, असं २००५ ची सूचनाच म्हणते, आणि माझ्या मते ते पुढे तुम्हालाच जड जातं. एका सेमिनरीतून काढलं गेल्यास दुसरीकडे नव्याने अर्ज करून सुटका नाही. कॅनन २४१ नुसार तिथल्या प्रमुखांकडून, विशेषतः काढण्याच्या कारणाबद्दल, लेखी माहिती मागवावीच लागते.