धर्मोपदेशक, आमदार आणि राजाला लिहिलेले पत्र

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स यांनी निवडणूक लढवली होती आणि काँगोच्या इतिहासातही त्यांचे नाव येते, असे वाचनात आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो?

उत्तर : पेनसिल्व्हेनियात 1849 साली जन्मलेले विल्यम्स कोवळ्या वयातच यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. पुढे 1874 मध्ये न्यूटन येथील धर्मशिक्षण संस्थेची पदवी घेऊन ते बोस्टनच्या ट्वेल्फ्थ बाप्टिस्ट चर्चचे पाद्री झाले. त्या काळी कृष्णवर्णीय समाजाला पूर्णपणे आपली म्हणता येईल अशी संस्था चर्चखेरीज क्वचितच होती. सभा तेथेच भरत, पुष्कळदा शाळाही तेथेच चालत, त्यामुळे धर्मोपदेशकाने उमेदवार होणे कोणाला वावगे वाटत नसे. सिनसिनाटीत स्थायिक झाल्यावर ओहायोच्या विधिमंडळासाठी ते 1877 मध्ये उभे राहिले आणि पडले. 1879 मध्ये मात्र निवडून येऊन तेथील पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. ही आमदारकी एकाच मुदतीची. आंतरवंशीय विवाहांवरील बंदी उठवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, आणि कृष्णवर्णीयांची एक दफनभूमी बंद करण्याच्या बाजूने उभे राहिल्यामुळे आपलेच मतदार दुरावले.

आमच्या मते त्यांचा खरा पिंड पुरावे गोळा करणाऱ्याचा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा 1619 ते 1880 पर्यंतचा दोन खंडांतील इतिहास लिहिताना आपण 12,000 हून अधिक ग्रंथ चाळले, असे ते प्रस्तावनेत सांगतात. हीच सवय काँगोत उपयोगी पडली. काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यात होता, आणि 1889 मध्ये त्याला भेटून ते प्रभावित झाले होते. 1890 मध्ये प्रत्यक्ष काँगोत गेल्यावर मात्र त्यांनी त्याच राजाला उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि त्यात बारा आरोप क्रमवार मांडले. राजाच्या माणसांनी कोटाच्या आत विजेची बॅटरी लपवून हस्तांदोलनाच्या वेळी स्थानिक प्रमुखांना धक्का द्यायचा, गोऱ्या माणसाच्या अंगी अचाट बळ असल्याचे भासवायचे आणि जमिनी लिहून घ्यायच्या, अशी फसवणूक त्यांनी उघड केली.

बेल्जियन वृत्तपत्रांनी आरोपांपेक्षा आरोप करणाऱ्यावरच अधिक शाई खर्च केली. विल्यम्स स्वतःला कर्नल म्हणवीत, आणि त्या पदवीचा आधार कच्चा असल्याने विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. 2 ऑगस्ट 1891 रोजी, वयाच्या 41व्या वर्षी, इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे त्यांचे निधन झाले. इतरांनी पुढे अनेक वर्षे चालवलेल्या चळवळीनंतर 1908 मध्ये काँगो लिओपोल्डच्या हातून काढून बेल्जियम सरकारच्या ताब्यात देण्यात आला.